गेट घेण्याआधी भिंत बघा

घर मालवण तालुक्यातलं, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पुढे रेज्यांची पडवी, माजघरातून माडीवर जाणारा सागाचा जिना आणि खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, पडवीत चढायला चिऱ्याच्याच पाच पायऱ्या. गणपतीला पुण्याहून दहा महिन्यांचं बाळ येणार होतं, मुक्काम अकरा दिवसांचा. तेवढ्यासाठी जिना आणि पायऱ्या बंदोबस्तात आणायच्या होत्या. काम चतुर्थीच्या तीन आठवडे आधी काढलं. याहून उशीर करू नये. श्रावण सरत आला की गावातला प्रत्येक सुतार कुणाच्या तरी माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला) नाहीतर मखराला अडकलेला असतो आणि फोन उचलत नाही.

दहा महिन्यांचं मूल धड उभं राहत नसलं तरी जिना चढतं. वरची फळी हातांनी धरायची आणि गुडघा टेकवायचा, एवढंच तर असतं. उतरायचं कसं ते मात्र त्याला ठाऊक नसतं. तिसऱ्या-चौथ्या फळीवर पोचलं की खालून कुणीतरी हाक मारतं, ते वळतं आणि डोक्याचं वजन त्याला पुढे घेऊन जातं. म्हणून गेटं दोन लागतात, एक वर आणि एक खाली. ‘आम्ही माडीवर झोपणारच नाही, खालचं एक पुरे’ हा हिशेब सणाच्या घरात टिकत नाही. कुणीतरी हौसेने बाळाला माडी दाखवायला नेतंच.

आधी मापं. जिन्याला अकरा फळ्या, प्रत्येक चढ ९ इंचांचा, फळीची रुंदी ८ इंच. नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत घरातल्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर दिली आहे. आमची पायरी त्यापेक्षा जवळजवळ ४ सेंटीमीटर उंच आणि ५ सेंटीमीटर अरुंद निघाली. कोकणातले जुने जिने असेच, शिडी आणि जिना यांच्या मधले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा म्हणून फक्त एक आडवी वळी आणि वर-खाली एकेक तीन इंची खांब. फळ्यांच्या मागची बाजू उघडी. वरच्या तोंडाला खांब ते भिंत मोकळी जागा ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर. ही जागा तीन ठिकाणी मोजायची: जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीला आणि कमरेला. चिऱ्याची भिंत ओळंब्यात नसते. आमच्याकडे तळाशी आणि कमरेला ११ मिलिमीटरचा फरक आला. गेटाचं माप कायम सगळ्यात अरुंद जागेवरून धरायचं आणि उरलेला फरक भिंतीला लावायच्या पट्टीच्या मागून भरायचा.

फटी तपासायला हार्डवेअरच्या दुकानातून ९० च्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणला. बाहेरून तो बरोबर ९० मिलिमीटर असतो. ज्या फटीतून हा तुकडा पार होतो, त्या फटीतून बाळाचं धड जाऊ शकतं असं समजायचं. धड गेलं आणि डोकं अडकलं, हा प्रकार पडण्याइतकाच वाईट. रूढ मर्यादा चार इंच आहे, पण ९० चा तुकडा घेतला की आपण मर्यादेच्या आतच राहतो. ‘चार इंची’ म्हणून मिळणारा पाइप ११० मिलिमीटरचा असतो, तो या कामाला घेऊ नका. फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून आमचा तुकडा अर्थातच आरामात गेला, आणि कठड्याखालून तर नारळाची पाटी गेली असती.

आता भिंत. या सगळ्या कामात वेळ खाल्ला तो हिनेच.

“चिऱ्यात खिळो ऱ्हवणा नाय,” असं मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तरी एकदा प्लग मारून बघितले. ८ चा बिट, ड्रिलचं हॅमर चालू, प्लास्टिकचा प्लग आणि दोन इंची स्क्रू. शेवटच्या दोन फेऱ्यांना स्क्रूबरोबर प्लगच गरागरा फिरायला लागला. उपसून बॅटरी मारली तेव्हा कळलं. भोक तोंडाशी ८ मिलिमीटरचं दिसत होतं, पण आत पोकळ होऊन बोट शिरेल एवढं झालं होतं. चिरा आतून जाळीदार असतो. हॅमरचे दणके बसले की जाळीच्या भिंती भुगा होऊन सुटतात आणि प्लगला धरायला काही उरत नाही. त्यातून पाऊण इंच गिलावा, म्हणजे दोन इंची स्क्रूतला पाऊण इंच आधीच वाया. शहरातल्या फ्लॅटच्या काँक्रीटवर हेच प्लग वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तयार गेटाच्या खोक्यात तेच चार प्लग दिलेले असतात. चिऱ्याच्या घरात ते खोक्यातच राहू द्यावेत.

दुसऱ्या खेपेला पद्धत बदलली. हॅमर बंद. आधी ६ चा बिट, मग १०चा, भोक चार इंच खोल. बिटाबरोबर बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बघत राहायचं. तांबडी येते आहे तोवर बिट चिऱ्यात आहे. पांढरट किंवा राखाडी व्हायला लागली की सांध्यात शिरला. मग ते भोक सोडायचं आणि तीन इंच वर किंवा खाली सरकायचं, कारण सांधा धरत नाही, आणि जुन्या भिंतीत तर सांध्याला मातीच असते. चार भोकांसाठी आम्हाला सहा पाडावी लागली. मग सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून प्रत्येक भोक आतून फुंकलं. धूळ राहिली तर नंतर भरायचं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) धुळीला चिकटतं, दगडाला नाही. पावसाळ्यात भोक आतून दमट असतं, म्हणून केस वाळवायचा ड्रायर पाच-पाच मिनिटं धरला. त्यानंतर दोन भागांचं इपॉक्सी तळापासून बाहेरच्या बाजूला भरत आणलं आणि ८ मिलिमीटरच्या स्टेनलेस आटेदार रॉडचे सहा इंची तुकडे फिरवत फिरवत आत सारले. चार इंच भिंतीत, दोन इंच बाहेर. माल अंदाजाच्या दुप्पट लागतो, कारण चिऱ्याची जाळी तो पिऊन टाकते. एक ट्यूब जास्तीची आणून ठेवा, नाहीतर चौथ्या भोकाला कमी पडते आणि मालवणला हेलपाटा होतो.

चोवीस तास त्याला हात लावला नाही. मग त्या चार रॉडांवर दोन इंच जाडीची सागाची उभी पट्टी चढवली, वॉशर आणि नट पट्टीत खाच करून आत दडवले, आणि ओळंबा साधायला मागे फरकाच्या जागी प्लायच्या चकत्या घातल्या. पट्टीला पाऊण मीटरवर दोरी बांधून दोघांनी झटके देऊन ओढली. हलली नाही. हा झटका गेट लावण्याआधी द्यायचा. नंतर दिला तर चूक कुठे आहे ते समजत नाही.

ज्यांच्या घरात जिन्याच्या दोन्ही अंगांना लाकूड आहे किंवा वर तुळई हाताशी आहे, त्यांनी भिंतीच्या वाटेला जाऊच नये. तक्तपोशीपासून, म्हणजे माडीच्या फळ्यांच्या जमिनीपासून, तुळईपर्यंत एक उभा खांब बोल्टने कसला की काम एका दुपारचं. भिंतीला भोक पाडणं हा आमच्या मते शेवटचा पर्याय. तो घ्यावा लागलाच तरी बिजागऱ्या लाकडी खांबाच्या बाजूला आणि कडी भिंतीच्या बाजूला घ्या. गेटाचं वजन आणि रोजची ओढाताण बिजागरीवर येते, कडीच्या बाजूला फक्त धक्का.

वरचं गेट घरीच करून घेतलं. वरच्या तोंडाला दाबाने बसणारं तयार गेट (भोकं न पाडता दोन्ही बाजूंच्या रबरी गोट्या आवळून बसवायचं) लावायचं नाही, ही गोष्ट अजिबात सवलत न देण्यासारखी आहे. त्यातली दोन कारणं कुठल्याही घरात लागू आहेत. ढकलून ढकलून ते सरकतं, आणि त्याच्या खालची आडवी दांडी ओलांडताना मोठ्यांचा पाय अडकतो, तोही नेमका जिन्याच्या तोंडावर. तिसरं कारण आपल्याकडचं: रबराच्या गोट्या चुन्याच्या गिलाव्यावर दाबल्या की गिलावा पिठासारखा झडतो.

मिस्त्रींचा पहिला विचार फळ्या जोडून सलग दार करण्याचा होता. तो नको म्हटलं, आणि त्याला कारण आहे. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. उभ्या फळ्या जोडून केलेलं सत्तर सेंटीमीटरचं दार पावसात सेंटीमीटरभर फुगून बसू शकतं. कोकणातली दारं आषाढात अडकतात आणि दिवाळीनंतर सैल होतात ती यामुळेच. चौकट आणि पट्ट्यांच्या गेटात रुंदीच्या दिशेने फुगायला फक्त दोन कडेच्या उभ्या पट्ट्या आणि भिंतीवरची पट्टी असते. दोन-तीन मिलिमीटरांत भागतं.

हिशेब असा केला. ७८७ मधून भिंतीवरची ५० ची पट्टी गेली, उरले ७३७. बिजागरीकडे ५, कडीकडे १२ मिलिमीटर मोकळे सोडून गेट ७२० चं. कडेच्या दोन उभ्या ५०-५० च्या, मध्ये ६२०. त्यात ४० मिलिमीटर रुंदीच्या सहा पट्ट्या. सात फटी येतात आणि प्रत्येक ५४ मिलिमीटरची. पाच पट्ट्यांतही भागलं असतं, फट ७० ची आली असती आणि डोकं तरीही गेलं नसतं, पण मांडीपर्यंत पाय घालून अडकून बसायला ७० पुरतात. एक जास्तीची पट्टी म्हणजे काही मोठा खर्च नाही. उंची ७५० मिलिमीटर. गेटाची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपटीपेक्षा कमी नसावी, असा ठोकताळा आहे. दहा-अकरा महिन्यांचं मूल सत्तर-पंच्याहत्तर सेंटीमीटरचं असतं, त्याला हे भरपूर झालं. दोन वर्षांच्या, गेटावर चढू पाहणाऱ्या मुलाला मात्र असलं कुठलंच गेट पुरत नाही. गेटाच्या खाली जमिनीपासून दीड इंच मोकळं ठेवलं. दोन इंचांच्या वर गेलं की पालथं पडून पाय खालून सरकवता येतात.

मध्ये आडवी पट्टी घ्यायची नाही. गेट खाली झुकू नये म्हणून सुतार सवयीने तिरपा आधार मारतात, तोही नको, कारण तो मुलाला पाय ठेवायला पायरी होतो. त्याऐवजी चारही कोपरे कुसू करून जोडून घ्या. आडव्या पट्टीचं टोक कोरून उभ्या पट्टीतल्या भोकात बसवायचं आणि आरपार लाकडाची खुंटी मारायची. नुसत्या स्क्रूने जोडलेला कोपरा आठवडाभरात खुळखुळतो. लाकूड जुन्या मोडीतलं सागाचं वापरलं. नवीन घेणार असाल तर वखारीत पावसात भिजत पडलेलं आकेशिया स्वस्त मिळतं म्हणून उचलू नका. घरात आणून वाळलं की पीळ पडतो.

बिजागऱ्या चार इंची पितळेच्या, दोन. लोखंडी बिजागरी समुद्राच्या वाऱ्यात एका पावसात गंजून कुरकुरते, दोन पावसांत अडकते. स्टेनलेसही सगळं सारखं नसतं. ३०४ नंबरच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतात, ३१६ बरंच जास्त टिकतं, पण तालुक्याच्या दुकानात ३१६ चे सुटे स्क्रू मिळतीलच असं नाही. अकरा दिवसांच्या कामाला ३०४ चालतं. पितळी स्क्रू मऊ असतो. सागात सरळ आवळला की डोकं तुटून निम्मा स्क्रू आत राहतो. म्हणून आधी ३ च्या बिटाने भोक पाडायचं, त्यात त्याच मापाचा आठ नंबरचा दीड इंची स्टीलचा स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, मग पितळीला साबण चोळून हलक्या हाताने बसवायचा.

गेटाची सगळ्यात उपयोगी करामत फुकटातली आहे. वरच्या बिजागरीच्या मागे, खांबाच्या बाजूला, ५ मिलिमीटर प्लायचा तुकडा घातला. त्यामुळे वरची बिजागरी खालचीपेक्षा कडीच्या दिशेने पाच मिलिमीटर पुढे येते, गेटाचा कणा किंचित कडीकडे झुकतो आणि कुठेही सोडलं तरी गेट आपल्या वजनाने बंद होऊन उभं राहतं. स्प्रिंगची बिजागरी इथे गंजते, ही गंजत नाही. गेटाचं कडीकडचं टोक त्यामुळे सहा-सात मिलिमीटर खाली येतं, तेव्हा कडीचं भोक गेट टांगून झाल्यावरच आखायचं. आम्ही आधी आखलं होतं. ते बुजवून नवं पाडावं लागलं.

गेट उघडतं माडीच्या बाजूला, जिन्याच्या बाजूला कधीच नाही. भिंतीवरच्या पट्टीला जिन्याच्या अंगाने एक अडसर-पट्टी मारली, गेट तिच्यावर येऊन टेकतं. यातला फायदा असा की कुणी कडी लावायला विसरलं तरी गेट आपोआप टेकलेलं असतं, आणि मूल ढकलतं तेव्हा ते पट्टीवर आणखी दाबलं जातं. उघडायला ते आपल्याकडे ओढावं लागतं, आणि दहा महिन्यांच्या मुलाला गेट ओढत ओढत मागे सरकणं सहसा जमत नाही. कडी चार इंची, वरच्या कडेलगत, जिन्याच्या अंगाला. मोठ्या माणसाने वरून हात घालून सरकवायची. आकडा-कोयंडा घेऊ नका. मुलं गेट गदागदा हलवतात आणि चार-सहा हिसक्यांत आकडा उडतो.

माडीच्या तोंडावर लाकडी झडप असलेल्या घरांत गेटाची गरज नाही असं कुणी सांगेल. झडप रात्री टाकून ठेवायला उत्तम. दिवसा ती उघडी असते, आणि उघडी झडप म्हणजे डोक्यावर टेकवून ठेवलेली दहा-बारा किलोंची फळी. तिला साखळीने भिंतीशी बांधल्याशिवाय लहान मुलाला त्या खोलीत सोडू नये.

खालच्या तोंडाला मात्र दाबाचं तयार गेट लावलं, ७५ ते ८२ सेंटीमीटरचं. खाली ते निसटलं तर मूल एक-दोन फळ्या चढेल, जिन्यावरून गडगडत येणार नाही. भिंतीकडच्या दोन गोट्यांखाली सलग एक फूट लांब, तीन इंच रुंद प्लायची पट्टी घातली, म्हणजे दाब पसरतो आणि चुना झडत नाही. गेट पहिल्या फळीच्या पुढे जमिनीवर उभं असावं. पहिल्या फळीवर उभं राहून गेटावर वाकता येत असेल तर जागा चुकली. गोट्या रोज सकाळी एकदा आवळाव्या लागतात. रात्रभरच्या दमट हवेनंतर त्या अर्धी फेरी तरी सैल सापडतातच. खालच्या दांडीला पिवळी टेप लावली.

फळ्यांमागची उघडी जागा ६ मिलिमीटर मरीन प्लायने बंद केली. आठ बाय चारच्या एका शीटमधून २८ इंच लांब आणि साडेआठ इंच रुंद अशा पंधरा पट्ट्या निघतात, आम्हाला अकरा लागल्या. पट्टी मागून लावायची. खालची कड फळीच्या मागच्या धारेवर, वरची कड वरच्या फळीच्या पोटाला मारलेल्या बारीक रिपेवर. एका पट्टीला पाऊण इंची सहा स्क्रू. पुढून लावली तर आधीच अरुंद असलेली फळी आणखी अरुंद होते आणि उतरताना टाच अडते. एक काम लावण्याआधी जरूर करा: जिन्याच्या पोटात टॉर्च मारून वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का बघा. एकदा प्लाय लागला की मागे काय चाललंय ते दिसणार नाही.

कठड्याखालची मोकळी बाजू जाळ्याने बंद केली. किनाऱ्यावर जाळं मागून मिळतं, पण कुठलंही चालत नाही. तंगुसाचं (नायलॉनच्या एकेरी धाग्याचं) बारीक जाळं कातडी कापतं, आणि मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, जाळ्यात मूल पायाची बोटं रोवून चढतं. पिळाच्या जाड दोऱ्याचं, आसाच्या चौकोनात अंगठ्यापलीकडे काही न शिरणारं घ्यायचं. दोन दिवस साबणाच्या पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत वाळवायचं. तरी वास थोडा राहतोच. गणपतीच्या दिवसांत घरात मासळीचा वास नको असेल तर सरळ दुकानातून बाल्कनीचं नवं जाळं आणा. हुकांना अडकवलेलं जाळं मध्ये झोळीसारखं सुटतं आणि त्या झोळीत मूल लटकू शकतं. म्हणून वरची कड वळीवर आणि खालची कड जिन्याच्या बाजूच्या फळीवर ठेवून वरून सलग रिप दाबून दर सहा इंचांवर स्क्रू मारले. बोटाने टिचकी मारली की जाळं थरथरलं पाहिजे. नव्या घरांतल्या स्टीलच्या कठड्यांना आडवे पाइप असतात. ते म्हणजे मुलासाठी आयती शिडी, त्यांनाही आतल्या बाजूने हाच उपाय.

रंगाचं थोडक्यात. आमच्या खांबांवर जुना निळा ऑइलपेंट होता. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. दात येणारं मूल पहिल्यांदा हाताला लागेल ते चावतं. सुटलेले पापुद्रे ओल्या पॉलिशपेपरने काढले, कोरडं घासून धूळ उडवली नाही, आणि पुसून वर नव्या रंगाचे दोन हात दिले. नव्या गेटाला काजूच्या टरफलांचं तेल लावू नका, वाळवीला कितीही चांगलं असलं तरी. ते कातडीला फोड आणतं. पाण्यात मिसळणारं पॉलिश लावून दहा दिवस वाऱ्यावर ठेवलं.

खळ्यातल्या पायऱ्यांचा प्रश्न शेवाळाचा. तिथे बाळापेक्षा बाळाला कडेवर घेतलेला माणूस घसरण्याची भीती जास्त. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून पायऱ्यांवर ओतली, पंधरा मिनिटांनी कडक खराट्याने घासली, भरपूर पाण्याने धुतली. हातमोजे घालावेत, आणि संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. पावसात दहा-बारा दिवसांनी शेवाळ परत धरतं, म्हणून एकदा आठवडाभर आधी आणि एकदा मुक्कामाच्या मध्यावर असा बेत ठेवावा. पडवीच्या दाराला कोंबड्या-कुत्र्यांसाठीचं अर्धं दार होतंच. त्याच्या खालची चार इंचांची फट एक रिप मारून बुजवली.

एवढं करूनही सणाच्या घरात गेट उघडं राहतंच. रात्री भजनाची मंडळी येतात, वीस माणसं, चहा, उसळ, कुणीतरी माडीवरून जादा पाट आणायला धावतं. त्यावर गेटापेक्षा मोठा उपाय म्हणजे वर जायची कारणं कमी करणं. पाट, समया, मोठी भांडी, सतरंज्या आदल्या दिवशीच खाली आणून माजघराच्या कोपऱ्यात रचल्या. बाळाचं अंथरूण खालीच. नऊ इंची चढाच्या जिन्यावरून मूल कडेवर घेऊन उतरणं टाळायचं, आणि वेळ आलीच तर दोघांनी उतरायचं, एक पुढे रिकाम्या हातांनी. इन्व्हर्टरवर जिन्याच्या वर-खाली एकेक छोटा एलईडी लावून ठेवला. पावसात लाइट जाण्याची वेळ साधारण आरतीचीच असते.

कुणीतरी भेट म्हणून चाकांचा गोल वॉकर आणतं. तो आल्या पावली वर टांगावा. त्यात बसलेलं मूल पडवीच्या उंबऱ्यापर्यंत निमिषात पोचतं आणि पायऱ्यांवरून वॉकरसकट जातं. कॅनडाने तर २००४ पासून त्यांची विक्रीच बंद केली. लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल उभं राहून ढकलतं, पण तोही पायऱ्यांपासून लांब. त्याऐवजी रोज पाच मिनिटं खालच्या दोन फळ्यांवर बाळाला पालथं करून पाय आधी सोडत उतरायला शिकवावं. चार-पाच दिवसांत काही मुलं ते उचलतात. तरी गेट लावलेलं राहू द्यायचं.

मुक्काम संपल्यावर वरचं गेट उतरवलं. बिजागऱ्यांच्या खिळ्या वर ओढून काढता येतील अशाच घेतल्या होत्या, त्यामुळे स्क्रूला हात लावावा लागला नाही. खिळ्यांना खोबरेल चोळून त्या गेटालाच कागदात गुंडाळून बांधल्या. भिंतीवरची पट्टी तशीच ठेवली, पुढच्या वर्षी मूल पावणेदोन वर्षांचं असेल आणि गेट उंच करावं लागेल, तेव्हा तीच कामाला येईल. वाया गेलेली दोन भोकं लगेच मेणाने बुजवली. उघडी राहिली तर कुंभारीण माशी आठ दिवसांत त्यांत माती भरून घर करते.